राजांचा ऑनलाइन अभ्यास

सकाळी दहाला राजे अंथरुणात लोळत होते, आणि राजांचा विद्यापीठातला अभ्यास मात्र स्वयंपाकघरात जोरात चालला होता. आई मुलाला लाडाने राजा म्हणे. कामाच्या नावाने शून्य असल्यामुळे नाव शोभतही होतं. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी चिरलेली भाजी. त्याची थोरली बहीण, ताई, संख्याशास्त्राचं व्याख्यान थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके. वर्गातले सर कुणासाठी थांबत नाहीत. इथल्या मॅडम थांबतात, याचंच तिला अप्रूप होतं.

प्रवेश भावाचा. स्वाध्याय, चाचण्या, चर्चेतले प्रश्न ताईचे. तिने स्वतःच्या प्रवेशाचं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू जास्त शिकलीस, तर त्याहून शिकलेला जावई कुठून आणू?" मुलीचं शिक्षण नको, पण तिच्या शिकण्यावर मुलाला पदवी हवी! अक्कल गहाण टाकलेली असली घरं स्वतःला सुशिक्षित म्हणवतात, आणि आपण माना डोलावतो.

विद्यापीठही खूश होतं. 'आदर्श ऑनलाइन विद्यार्थी' म्हणून राजांचा फोटो झळकला. बाबांनी तो साऱ्या नातेवाइकांना पाठवला. राजांनी त्या दिवशी दाढी केली.

पण एकदा चर्चेत ताई घाईघाईत लिहून गेली, "मला हे पटत नाही, कारण सांगते." मॅडमनी ते 'सांगते' बरोबर हेरलं आणि राजांना कॅमेऱ्यासमोर तोंडी परीक्षेला बोलावलं.

घराचं धाबं दणाणलं. "तू टेबलाखाली बस," आई ताईला म्हणाली. "हळूच सांगत जा. भावासाठी एवढंही नाही करणार?"

ताई मुकाट्याने बसली. वर मॅडमचा आवाज आला, "सरासरी फसवते, असं तुम्ही लिहिलं होतं. कशी फसवते?"

राजांनी तिला पायाने ढोसलं. "ताई, बोल की!"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. ते त्याच्या तोंडात घालणं तिच्या अगदी जिवावर आलं. आपण बाहेर आलो तर विद्यापीठातून भावाचं नाव कापलं जाणार, आपलेही धडे बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बाहेर आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"दोघांचं जेवण एकट्यानेच खाल्लं, तरी सरासरीने दोघंही जेवलेली दिसतात, मॅडम."

"तुम्ही कोण?"

"वर्षभर तुम्ही ज्याला शाबासकी देत होता ना, ती मी."

"घराची अब्रू घालवलीस!" दारामागून बाबा ओरडले. मुलीच्या अकलेवर मुलगा मिरवताना ही अब्रू कुठे चरायला गेली होती, हे त्यांना विचारणारं घरात कोणी नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "उदाहरण बरोबर आहे. पुढे सांगा."

ताईने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ," ती म्हणाली. "मला बसायचंय."