गोठ्यात न मावणाऱ्या गायी

बाबांना उंच गायींचं वेड होतं. वळू निवडायचा म्हणजे कॅटलॉगमधला फोटो बघायचा, मग उंचीचा आकडा, की झालं. त्याच्या लेकी किती वर्षं टिकतात, पाय कसे, कास कशी, हे बाकीचे रकाने त्यांच्या लेखी उगाच कागद काळा करायला छापलेले असत. वीस-बावीस वर्षं हा हट्ट चालला आणि त्याला फळही आलं. आईपेक्षा लेक उंच, लेकीपेक्षा नात उंच. प्रदर्शनात जिंकलेल्या ढाली बैठकीत मावेनात, म्हणून काही जिन्यात टांगल्या होत्या.

पण गायीही मावेनाशा झाल्या होत्या. गोठ्यातले ओटे बाबांनी तरुणपणी स्वतः बांधले होते, तेव्हाच्या गायींच्या मापाने. आताच्या गायी त्यावर बसल्या की मागचा भाग ओट्याबाहेर, थेट शेणाच्या नालीत. रोज पहाटे त्यांच्या कासा धुता धुता सहा वर्षांपासून गोठ्यात राबणाऱ्या बाबांच्या लेकीची कंबर धरायची. तरी कुणाला ना कुणाला दगडी व्हायचीच, कास सुजून दगडासारखी घट्ट. मग औषधं, आणि औषध चालू असलेल्या गायीचं दूध ओतून देणं. तिसऱ्या वेतापर्यंत गाय टिकली तर नशीब. कालवड वाढवायचा खर्च फिटून चार पैसे हाती येणार, तेवढ्यात तिला विकून न्यायला दलालाचा टेम्पो दारात हजर. डेअरीत दूध भरपूर जात होतं, घरात मात्र काही उरत नव्हतं.

हे बाबांना सांगणार कोण? आईने केव्हाच हात टेकले होते. लेकीने सहा वर्षांत आडून आडून पुष्कळदा सांगून पाहिलं. बाबा म्हणायचे, "ओटे वाढवू." ओटे वाढवायचे म्हणजे निम्मा गोठा पाडायचा, आणि त्याचा पैसा कुठून आणायचा हे मात्र ते कधी सांगत नसत.

त्या सकाळी दोन गायी माजावर होत्या. डॉक्टर आले. ते खरं तर डॉक्टर नव्हते, कृत्रिम रेतन करणारे होते. पण लांब हातमोजा घालणाऱ्या कुणालाही बाबा डॉक्टरच म्हणत. त्यांनी वळूंच्या रेताच्या कांड्या ठेवलेला नायट्रोजनचा कॅन दाराशी टेकवला.

"काय मालक, नेहमीचाच उंच नवरदेव ना?"

"नाही," लेक म्हणाली. म्हणजे तिच्या तोंडून निघूनच गेलं.

बाबांनी वळून पाहिलं. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, आपल्याकडे पाचव्या वेताची गाय कुठली आहे, सांगा बरं."

बाबा एकेका गायीवरून नजर फिरवत गेले. दुसरं वेत, पहिलं, तिसरं. शेवटी नजर कोपऱ्यातल्या ठेंगणीवर अडकली. एकदा आवडत्या वळूची कांडी संपली, तेव्हा डॉक्टरांनी हाताला लागली ती भरली होती. त्यातून ही झाली. पाहुणे आले की ती दिसू नये म्हणून बाबा तिच्यापुढे उभे राहत. आठव्यांदा व्यालेली ठेंगणी ओट्यावर ऐसपैस बसून रवंथ करत होती.

"ती दूध कमी देते," बाबा म्हणाले.

"रोजचं कमी देते. पण आठ वेतं देतेय. दुखणं नाही, वेळच्या वेळी गाभण जाते. तुमच्या या राण्या तिच्या जिवावर खाताहेत, बाबा."

जीभ जरा आवरायला हवी होती, असं तिला लगेच वाटलं. डॉक्टर आपल्या हातमोज्याकडे बघत राहिले. बाबा सगळ्यात उंच गायीपाशी जाऊन वाकले. तिचे मागचे गुडघे ओट्याच्या कडेवर घासून सोलले होते. त्यांनी हात लावला तशी तिने पाय झटकला.

"हिला दुखतंय."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या वेतापासून."

बाबा सावकाश उठले. गायीच्या पाठीवरून हात फिरवत, मागे न बघताच लेकीकडे बोट करून म्हणाले, "डॉक्टर, वळू हिला विचारा. आजपासून हिलाच विचारत जा."

हे ऐकायला लेक सहा वर्षं टपून बसली होती. आता मात्र त्यांनी नेहमीसारखा आवाज चढवावा, ओटे वाढवू म्हणावं, असं तिला मनापासून वाटलं. बाबा पाठमोरे उभे होते.

"कुठला भरू, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने एका मध्यम उंचीच्या वळूचा नंबर सांगितला, बाबांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू.