प्लगच्या बाजूचा वारा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा नमुना आहे, घराचा. घर बांधण्याआधी ते हातभर आकारात करून बघतात ना, तो मी. माझे छप्पर डब्याच्या झाकणासारखे उचलता येते. त्यामुळे माझ्या पोटात काय आहे ते कुणीही बघतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

माझा जन्म एका आर्किटेक्टबाईंच्या टेबलावर झाला. त्यांनी माझ्या भिंती कापल्या, मधोमध उघडा चौक ठेवला, ऊन आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर चारी बाजूंनी पुढे काढले. घर हवे होते एका कुटुंबाला: मुलगा, सून आणि मुलाचे वडील. या आजोबांनी जन्मभर लोहारकाम केले होते आणि भट्टीच्या धुराने त्यांना दमा जडला होता. भाड्याच्या कोंदट खोलीत दुपारी त्यांचा जीव घुसमटायचा. सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. आजोबा मात्र म्हणत, "एका खुराड्यातून दुसऱ्यात कशाला? मी इथेच बरा."

मला एकच कुतूहल होते. वारा म्हणजे नेमके काय? बाई रोज टेबलपंखा लावत, माझ्या दाराशी उदबत्ती धरत आणि धूर कुठे कुठे जातो ते पाहत. आजोबांच्या खोलीतूनही तो सुळकन निघून जाई. "झकास!" बाई म्हणत. म्हणजे वारा म्हणजे पंखा, असे मी ठरवून टाकले. काय तो माझा तोरा!

पायाची खोदाई उद्यावर आली तेव्हा बाई मला जागेवर घेऊन गेल्या; घरचे तिघेही आले होते. जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने घराच्या रेघा आखल्या होत्या. त्यांच्याशी जुळवून मला विटांवर ठेवले आणि बाईंनी सवयीने उदबत्ती पेटवली. आणि मित्रांनो, खरा वारा आला! तो घरघर करत नव्हता. मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा, आणि यायचा तोही समोरून नाही, डावीकडच्या तळ्यावरून.

आजोबा धापा टाकत माझ्यापुढे उकिडवे बसले. "ती उदबत्ती इकडे द्या जरा."

धूर चौकातून फिरला, स्वयंपाकघरातून गेला. आजोबांच्या खोलीत शिरला आणि तिथेच घोटाळत राहिला.

"खिडकी तर चांगली मोठी आहे, आजोबा," बाई म्हणाल्या.

"शिरायला मोठी आहे हो. निघायचं कुठून? नुसतं तोंड ठेवून भट्टी चालत नाही, धुराडंही लागतं."

"बाबा, उद्या खोदाईची माणसं येणार. आत्ता कुठे हे काढता?" मुलगा वैतागला.

"येऊ देत की," सून म्हणाली. "खोली बांधतोय कुणासाठी आपण?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं! ऑफिसात पंख्याचा प्लग एकाच भिंतीला आहे. महिनाभर मी तोच वारा धरून खोल्या मांडल्या." सगळे हसले. आजोबाही हसले, पण त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की बाकीच्यांचे हसू जागच्या जागी विरले.

बाईंनी पर्समधून कटर काढला. आजोबांच्या खोलीची चौकाकडची भिंत वरच्या बाजूला कापून त्यांनी लांबट झरोका केला. मला दुखले, खोटे कशाला बोलू? धूर थोडा रेंगाळला, मग वर चढला आणि झरोक्यातून चौकात निघून गेला. आजोबांनी झरोक्यावर तळहात धरून पाहिला.

"आता येतो मी राहायला," ते म्हणाले.

आराखडा बदलला, घर उभे राहिले. आजोबा त्या खोलीत नऊ वर्षे राहिले. दुपारी खाटेवर पडून शांत घोरायचे, आणि त्यांच्या उशाशी फळीवर मी असायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझे छप्पर उचलून झरोका दाखवायचे. तेव्हा मला राग येत नसे.

आजोबा गेले आणि खोलीची अडगळ झाली. झरोक्यापुढे जुन्या गाद्या रचल्या आहेत. धुळीने माझा रंग गेला, दमटपणाने भिंती फुगल्या. खिडकीशी वारा अजून येतो, पण आत शिरत नाही. मला त्याची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात सामानाने बुजलेली एखादी खिडकी असेल. सामान मग हलवा. आधी घरात एवढे विचारा, ती खिडकी कुणासाठी ठेवली होती?