कोरं पाणी

माझी थोरली बहीण गोदाबाय शिशाची होऊ लागली, तेव्हा आधी पाट फुटला, मग फरशी. मी गावी पोहोचलो तोवर ती गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली होती आणि तिथेच उभी राहून तांदूळ निवडत होती. भिंतीला जिथे तिचा दंड घासला होता, तिथे करड्या रेघा उठल्या होत्या.

"कवा आयलास?" ती म्हणाली. "निवट्यांचा कालवन हाय. बस."

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. त्याच चिखलात जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याचं पाणी येतं. मी रसायनशास्त्रज्ञ आहे. पाण्यातलं शिसं मोजणं हेच माझं काम, आणि खाडीचं काही खाऊ नका हे सांगून माझी जीभ झिजली आहे.

"मंग काय खाव? तुजी यंत्रा?" ती म्हणाली.

मला राग आला. कालवण मात्र मी दोनदा मागून घेतलं. निघताना तपासणीसाठी तिच्या केसांची एक बट कापली. ती खिशात टाकताच खिसा फाटला.

आमच्या यंत्राला आधी ब्लँक दाखवावा लागतो. ब्लँक म्हणजे कोरं, निर्मळ पाणी. त्याला शून्य धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मोजायचं. आमचे प्रमुख राजोपाध्ये सर यांनी बट हातावर तोलून पाहिली. प्रयोगशाळेचा नवा मजला त्याच कारखान्याने बांधून दिला होता.

"हीच ब्लँक म्हणून लावा," सर म्हणाले.

"सर, मग अख्खं गाव शून्य येईल."

"येऊ द्या की. शून्य आल्यावर वजन कसलं? तुमची बहीण मोकळी होईल."

मला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि इथे तर माझी बहीण बुडत होती. मी बटण दाबलं.

गाव शून्य आलं. शहरातल्या नळाचं पाणी उणे आलं, सरांच्या बंगल्यातलं त्याहून उणे. सरांच्या चपला जमिनीवर राहिल्या आणि सर छताला लागले.

"हे काय झालं?" त्यांनी वरून विचारलं.

"उणे वजन, सर."

"मग बघता काय? बांधा मला कशाला तरी!"

शहरात बांधण्याजोगं जड काही उरलं नव्हतं. कपाटंसुद्धा तरंगत होती. मी खाडीवरच वाढलेला, म्हणून माझे अंगठे तेवढे जमिनीला टेकत होते. सरांच्या कमरेला दोरी बांधून मी त्यांना ओढत गावी नेलं.

गोदाबाय हनुवटीपर्यंत गेली होती. माझ्या शून्याने तिला तसूभरही वर उचललं नव्हतं. शेजारच्या अंगणांतूनही नुसती डोकी दिसत होती आणि प्रत्येक डोक्यावर शहरातला कोणी ना कोणी तरंगत होता. गावकऱ्यांचे हात जमिनीखाली होते, त्यामुळे दोऱ्या दातांतच धराव्या लागत होत्या.

मी सरांची दोरी गोदाबायच्या दातांत दिली. तिने ती घेतली, लहानपणी माझं दप्तर घ्यायची तशी. मला माझीच किळस आली.

"घट्ट धरा हं, बाई," वरून सर म्हणाले. "तुमच्यासाठीच केलंय सगळं." मग त्यांनी मला बजावलं, "आणि तुम्ही तिला काही विचारू नका. बोलली तर सुटेल."

वारा सुटला. दोरी ताणली गेली. चिखल तिच्या खालच्या ओठाला लागला. मी तिच्यासमोर बसलो आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"बाय," मी विचारलं, "दुखतं का गं?"

माझा एकही प्रश्न तिने आजवर उत्तराविना ठेवला नव्हता. तिच्या दातांमधली दोरी हलली.