दांड्याची कपात

१९९४ च्या उन्हाळ्यात सावद्याजवळच्या केळीबागांना कळवण्यात आले की त्यांचा रानटी काळ संपला.

तोवर केळीचा घड दांड्यासकट तोलला जाई आणि पाल्यात रचून मालगाडीने दिल्लीला रवाना होई. दांडा कोणी खात नाही, म्हणून व्यापारी त्याचे वजन वजा करी. त्यात अन्याय नव्हता. आता मुंबईच्या एका कंपनीने पत्र्याची शेड उभारली. फण्या बागेतच दांड्यापासून सोडवायच्या, शेडमध्ये धुवून पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरायच्या, इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायच्या. मग थंड कंटेनरमधून न्हावाशेवा, आणि तिथून जहाजाने आखात. दांडा बागेतच राहिला. त्याची कपात मात्र शेडपर्यंत आली.

इतिहास वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये. कारण मरते, वसुली जगते, आणि पुढे तिलाच परंपरा म्हणतात. हे सगळ्यांना दिसत होते. शेतकरी पारावर शिव्या देत आणि शेडमध्ये मान डोलावत.

शेवंताबाईने यंदा पहिल्यांदाच आपला सगळा माल कंपनीला दिला होता. कापलेली केळी उन्हात थांबत नाही. शेडने नाकारली तर वर्षाची बाग सडणार, हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही फण्यांसोबत ट्रॉलीत तिने दांडेही भरून आणले.

पेट्या काट्यावर चढल्या. पुण्याहून आलेले तरुण मॅनेजर कारखानीस यांनी आकडा पाहिला आणि सवयीने त्यातून वजाबाकी केली.

"दादा, हे कशाचं कापलं?"

"दांड्याचं, मावशी."

"दांडा पेटीत हाये का?"

"नाही. पण पद्धत आहे."

"मंग पद्धत पुरी करू." ती आपल्या मजूर बायांकडे वळली. "घ्या वं, येका येका पेटीत येक येक दांडा टाका. सायबानं वजन कापलं, त्याचा माल त्याले द्या."

रांगेत हशा पिकला. कंटेनरचा ड्रायव्हर, भुसावळचा हारुन, म्हणाला, "अक्का, तिकडचा शेख मले विचारंल, हे कोन्तं फळ?"

"सांग त्याले, सायबानं पास केलं हाये."

कपातीतला वाटा ज्याला मिळे तो दलाल रुपचंद पुढे झाला. "वहिनी, बाईमाणसानं तोलामापात पडू नये. साऱ्या गावाचा माल अडकला ना."

"दांडाबी साऱ्या गावाचाच हाये, भाऊ." पेट्या उतरवून ती स्वतःच काट्यावर जाऊन बसली. "आता मलेबी तोला. अन् माहीबी कपात करा."

काट्याने तिचे वजन लाल आकड्यांत दाखवले. त्याला पद्धत शिकवलेली नव्हती. समोर होते तेवढेच त्याने सांगितले. शेडमधला तो एकटाच नवा होता.

कारखानीसांनी घड्याळ पाहिले. जहाज कोणासाठी थांबत नसते. ते वाकले आणि हळूच म्हणाले, "मावशी, तुमच्यापुरती कपात सोडतो. कुणाला बोलू नका."

हक्क मागणाऱ्याच्या हाती मेहेरबानी ठेवायची, आणि तीही कानात: कंपनी नवी होती, विद्या जुनी.

"कानात नको," शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "रांगेले सांगा."

कारखानीस पुढच्या पेट्यांकडे वळले. तिने हात केला, आणि बायांनी तिच्या पेट्या पुन्हा उघड्या ट्रॉलीत चढवायला सुरुवात केली. चैत्राचे ऊन त्यांच्यावर सरळ पडत होते. एक बाई थबकली, तिने मालकिणीकडे पाहिले. शेवंताबाईने मान फिरवली नाही.

तेव्हा मागच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या, आजवर निमूट मान डोलावत आलेल्या चुडामणनानांनी गाडी उलटी घेतली. त्यांच्या मागचाही वळू लागला. रुपचंद दोघांच्या मध्ये हात पसरून धावला. कंटेनर अर्धा रिकामा उभा होता.

"थांबा!" कारखानीस ओरडले. ट्रॅक्टर थांबले, त्यांची इंजिने बंद झाली. कारखानीसांनी घसा खाकरला. "दांड्याची कपात आजपासून बंद."

कंटेनरवरचे थंड करणारे यंत्र धडधडत होते. शब्द पहिल्या ट्रॉलीच्या पुढे गेले नाहीत.

"हारुनभाऊ," शेवंताबाई म्हणाली, "ते मशीन बंद कर. मांगच्या लोकायले आयकू आलं नाही."

हारुनने कारखानीसांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने मशीन बंद केले.