क्लच दाबलेलाच होता

“क्लच दाबलेलाच होता,” पेटीताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

मॅनेजर साहेब वाकून आपल्या कारचा मागचा बंपर बघत होते. फुटलं काहीच नव्हतं, बोटभर ओरखडा होता. पण तो रक्तपेढीच्या फाटकातच, सगळ्यांदेखत उमटला होता. कारमागे थांबलेली ताईंची मोटरसायकल हातभर पुढे सरकून टेकली होती.

“ताई, गाडीला कशाला दोष देता? हात पूर्वीसारखा राहिला नाही, मान्य करा ना.”

“हाताचा दोष असता तर केलं असतं मान्य.”

रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या थंड पेटीत घालून शहरभरच्या हॉस्पिटलांत पोचवायचं काम ताई बावीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं, बाकी सगळ्यांच्या त्या पेटीताई. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून डावं मनगट मोडलं, आत पट्टी बसवावी लागली. तीन महिन्यांत त्या परत गाडीवर बसल्या. पण तेव्हापासून कुठे काही खुट्ट झालं, की लोक आधी त्यांच्या मनगटाकडे बघायचे.

गेला महिनाभर गाडीने छळ मांडला होता. सिग्नलला क्लच दाबून थांबावं, तर ती पुढे ओढायची. न्यूट्रल सापडायचा नाही. ब्रेक दाबून धरला, की इंजिन बंद. रक्तपेढीच्याच आवारातल्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी केबल नवी टाकली, लिव्हरची ढील नीट केली, ऑईल बदललं. मग हात झटकले.

“आत उघडून बघा की,” ताई म्हणाल्या होत्या.

“प्लेटा वर्षापूर्वीच टाकल्यात. त्यांना काय धाड भरलीय? लिव्हर पूर्ण दाबत जा.”

फाटकातल्या प्रकारानंतर पत्र आलं. एक तारखेपासून ताईंनी चौकशीच्या खिडकीत बसावं.

मुलीला आनंदच झाला. सकाळी आईची वेणी घालताना ती म्हणाली, “आई, बस की खिडकीत. डोक्यावर पंखा, बुडाखाली खुर्ची.”

“खुर्ची मी म्हातारी झाल्यावर.”

“वेणी माझ्याकडून घालून घेतेस आणि मोटरसायकल चालवायच्या गोष्टी करतेस!”

“वेणीला मनगट फिरवावं लागतं. क्लचला बोटं लागतात. आवर लवकर.”

मुलीने शेवटचा पेड जरा जोरातच ओढला. ताईंच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

त्या दिवशी त्यांनी गाडी थेट वर्कशॉपमध्ये नेऊन डबल स्टँडवर लावली. मागचं चाक अधांतरी झालं. पेटीचा कापडी पट्टा काढून त्यांनी क्लचचा लिव्हर हँडलला घट्ट आवळून बांधला, पार टेकेपर्यंत.

“मिस्त्री, साहेबांना बोलवा.”

“ताई, तमाशा कशाला?”

“तमाशा फाटकात झाला. आता उलगडा.”

साहेब आले, कपाळाला आठ्या घालूनच. ताईंनी इंजिन सुरू केलं. “पाच किलोमीटर चालवून आणलीय, गरम आहे. गार ऑईलने प्लेटा चिकटल्या, असं कारण सांगायचं नाही.” पायाने पहिला गिअर टाकला. क्लच दाबून बांधलेला असूनही मागचं चाक झपाट्याने फिरू लागलं. ताईंनी ब्रेकवर पाय ठेवला. चाक थांबलं, आणि इंजिनही गचकन बंद पडलं.

ताईंनी दोन्ही हात वर केले.

“लिव्हर पट्ट्याने धरलाय. माझे हात हे इथे आहेत. आता सांगा, कुणाचं मनगट कमी पडलं?”

मिस्त्रींनी पाना उचलला.

ऑईल काढून त्यांनी बाजूचं झाकण उघडलं. प्लेटा एकेक करून काचेवर ठेवून पाहिल्या. सरळ होत्या, झिजल्याही नव्हत्या. मिस्त्री मान हलवणार, तेवढ्यात ताईंनी प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या फटीतून नख फिरवलं. नख अडकलं.

“इथे बघा.”

मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड धरला. फटींच्या कडांना उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा पडल्या होत्या. क्लच दाबला, की प्लेटांनी सुटं व्हायचं, पण त्यांचे कान खाचांत रुतून बसत होते.

“नव्या प्लेटा जुन्या डब्यात टाकल्या,” मिस्त्री पुटपुटले. “तेव्हाच बघायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“चुकलं तर घासा आता.”

मिस्त्री कानस घेऊन बसले. ताई बॅटरी धरून उभ्या राहिल्या, दुसऱ्या कुणाला त्यांनी ती धरू दिली नाही. खाचा सपाट करून, सगळं धुऊन बसवेपर्यंत दुपार झाली. पुन्हा तोच पट्टा, तोच गिअर. ब्रेक दाबल्यावर चाक थांबलं आणि इंजिन फटफटत राहिलं.

“तात्पुरतं झालं,” मिस्त्री म्हणाले. “डबा नवाच लागेल.”

“तसंच कागदावर लिहा. आणि दोष गाडीचा होता, हेही लिहा.”

साहेबांनी घसा साफ केला. “ताई, आज गाडीचा होता. पण आज ना उद्या...”

“उद्याचं उद्या बघू. आज ते पत्र मागे घ्या.”

“वर गेलंय ते.”

“मग वरून आणा. मी पोचवते तशी परत आणतेही की पेटी.”

मिस्त्री हसले. साहेबांनी हसू आवरलं, पण पत्र परत मागवणाऱ्या कागदावर त्यांना सही करावी लागली.

तेवढ्यात आतून हाक आली. नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात दोन पिशव्या तातडीने हव्या होत्या. ताईंनी पट्टा पेटीला लावला आणि त्या निघाल्या. वाटेत चौदा सिग्नल लागले. गाडी प्रत्येक ठिकाणी जागच्या जागी थांबली.

प्रसूतिगृहातल्या नर्सने पिशव्यांवरचे नंबर पडताळले आणि मान वर न करता ती आत पळाली. ताई कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या. साबणाने हातांचा काळेपणा बराचसा निघाला. तरी त्यांनी नळ बंद केला नाही. डावं मनगट गार पाण्याच्या धारेखाली धरून, डोळे मिटून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

नर्स बाहेर आली. “ताई, दुखतंय का काही?”

“छे,” ताई म्हणाल्या. “ऑईल निघत नाहीये.”