अण्णांची न लिहिलेली पानं

तासगावच्या धनपाल अण्णांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली आणि शेवटची बारा वर्षं ती लिहूनही काढली. वहीत नव्हे, संगणकावरच्या स्वतःच्या विकीत. प्रत्येक प्लॉटला एक पान, प्रत्येक रोगाला एक, आणि या पानातून त्या पानात जायला जागोजाग दुवे. काय डोकं म्हणावं या माणसाचं! चैत्रात अण्णा गेले. आता बाग खंडानं द्यायची की आईनं एकटीनं सांभाळायची, हे या पानांवरच ठरणार होतं. म्हणून त्यांची लेक प्रीती चार दिवसांची रजा काढून साताऱ्याहून आली. सगळी पानं मोबाइलवर उघडतील अशी एचटीएमएलमध्ये करून आईच्या फोनवर घालायची आणि रविवारी चारच्या बसनं परतायचं, असं ठरलं होतं. साताऱ्यात तिची नोकरी होती, नवरा भरतेश होता.

अण्णांची एक रीत होती. वेल चढण्याआधी मांडव उभा करावा, तसा पान लिहिण्याआधीच ते त्याचा दुवा टाकून ठेवत. असे अकरा दुवे कोरेच राहिले होते. ते काढून टाकायला प्रीतीचा हात धजेना. तुटके तर तुटके, अण्णांच्या हातचे आहेत, म्हणून तिनं ते तसेच राहू दिले.

रविवारी दुपारी काम संपलं. तिनं तपासणी लावली. तुटलेले दुवे शून्य.

प्रीती चक्रावली. तिनं पहिला कोरा दुवा दाबला, तर पान उघडलं. ‘पूर्वेचा प्लॉट, यंदाची फळासाठीची गोडी छाटणी. पावसानं आठ दिवस लांबली. काडीला फुटीचे डोळे कमी ठेवले.’ ही छाटणी झाली होती गेल्या आठवड्यात, आणि अण्णांना जाऊन सहा महिने होत आले होते. भाषा मात्र त्यांचीच, मोजकी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून आला. धन्य आहे अण्णा तुमची, ती पुटपुटली.

तिनं आईला हाक मारली. शालनबाई पदराला हात पुसत आल्या, पान वाचून हसल्या.

“त्यांनी कवा काम अर्धं टाकलंय व्हय? लय शिस्तीचा माणूस,” म्हणाल्या आणि लेकीच्या दशम्या बांधायला आत गेल्या.

प्रीती पुढची पानं उघडत गेली. भुरी रोग, बेदाण्याची शेड, येत्या एप्रिलची खरड छाटणी. दहा पानं झाली आणि दहाही पानांच्या शेवटी अकराव्याकडे नेणारा दुवा होता. त्या पानाचं नाव होतं ‘प्रीती’.

‘बाग प्रीती बघते. छाटताना काडीचे डोळे राखावेत तर तिनंच, असा हात तालुक्यात नाही. लहानपणापासून इथंच आहे, कुठं गेली नाही.’

जन्मात अण्णांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं नव्हतं. तिनं ते पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा वाचलं, आणि किती तरी वेळ ती त्या ओळींकडे बघत बसली.

“आवर गं, साडेतीन वाजलं,” आई आतून म्हणाली. “बस चुकंल. भरतेशराव वाट बघत असत्याल.”

प्रीतीनं मान वर केली. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

“कोण भरतेशराव, आई?”