रिकाम्या घरातला डांगऱ्या

अगो सरिता, थांब ना, बस जाऊ दे, पुढची येईल. हिरी, तू पण बस. मला हे आत्ताच सांगायचंय, नायतर पोटात दुखेल माझ्या.

आमचा डांगऱ्या बगितलाय ना तुमी, तो पिवळट, एक कान कायम वाकलेला? तो बारकूकाकाचा. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, त्याने लग्न नाय केलं, नाल्यापल्याडच्या शेतात खोपीतच राहायचा, वाल-भेंडीची राखण करत. तिथेच डांगराच्या वेलात, भोपळ्यांमध्ये, त्याला हे पिल्लू सापडलं, म्हणून नाव डांगऱ्या. तवापासून दोघं एका खोपीत. खोपीला दारच नाय, म्हणजे ह्या कुत्र्याने आयुष्यात दार बगितलेलं नाय, कडी काय असते ते त्याला ठाऊक नाय.

आणि मंग नाल्याला बिबट्या फिरायला लागला. आधी शेळी नेली, मंग पलीकडच्या पाड्यातला कुत्रा, तो पण दिवसाढवळ्या. फॉरेस्टवाले येऊन सांगून गेले, शेतात एकट्याने झोपायचं नाय, कुत्रे दाराआड ठेवा. मंग काका आला घरी डांगऱ्याला घेऊन, आणि मुरबाडला एका लग्नाच्या हॉलवर वॉचमन म्हणून लागला. आता आमचं घर कसं हाय, नवीन घरकुल, चकचकीत लादी, लोखंडी दार. सकाळी काका धसईवरून एसटीने जातो, मी कॉलेजला, आई वालाच्या शेंगा काढायला, बाबा तर वाशिंदला कंपनीत, शनिवारीच येतात. डांगऱ्या आत. बाहेरून कडी. आणि दुपारी आई दार उघडते तर घराच्या मधोमध हे मुताचं तळं.

रोज गो. आमी घरात असलो की एक थेंब नाय, रात्रभर नाय, पाहुणे आले तरी नाय. घर रिकामं झालं की झालंच.

आई बोलायची, "मुद्दाम करतो. कोंडतो ना आपण, त्याचा राग काढतो. तोंड बग त्याचं, सगळं कळतं त्याला."

आणि खरंच त्याचं तोंड तसंच असायचं, कान पाडून भिंतीला चिकटलेला. मला पण वाटायचं, हा चोर हाय. काका संध्याकाळी यायचा, आई त्याच्या देखत पुन्हा सगळं ऐकवायची, आणि काका आधीच पुसलेली लादी पुन्हा पुसायचा.

एक दिवस आईने ठरवूनच टाकलं. टोकावड्याच्या पुढे रस्त्याला हरेशमामाचा ढाबा हाय ना, माझ्या आईचा मावसभाऊ, त्याला कुत्रा पाहिजे होता. आईने फोनच लावला. तो बोलला, पौष सरला की येऊन नेतो. त्या रस्त्याला घाटातल्या गाड्या कशा येतात ठाऊक हाय ना, ढाब्यावरचा कुत्रा किती टिकतो? काका जेवता जेवता थांबला आणि बोलला, "वयनी, घर तुमचं हाय. त्याला द्या. मी पण खोपीवर जातो मंग, मला ह्या पंख्याखाली झोप नाय येत."

आई हसली, बोलली, "भावोजी, बिबट्याला काय सोबत पाहिजे काय?" पण मी काकाकडे बगितलं. तो गंमत नव्हता करत.

मंग मी डांगऱ्याला मंगळूदादाच्या भाजीच्या टेम्पोत घातलं आणि मुरबाडला जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. कोबीच्या गोण्यांवर बसून असा गेला, जसा काय सरपंच. मॅडमनी पोट दाबलं, लघवी तपासली, बोलल्या, आजार काय नाय. मंग मला विचारलं, तुमी घरात असताना करतो का? मी बोलली, कधीच नाय. त्या बोलल्या, मंग हा राग नाय, ही भीती असेल. फोन ठेवून जा घरात, बग तो काय करतो ते.

मी ठेवला. मांडणीवर, पितळेच्या डब्याला टेकवून, व्हिडिओ चालू करून.

आता कसं सांगू तुमाला. तुमी कधी आपलंच घर रिकामं बगितलंय? आपण नसताना? आमी तिघं संध्याकाळी ओटीवर बसून बगत होतो आणि मला वाटलं, मी मेली हाय आणि वरून बगतेय. दार लागतं. आमचे आवाज लांब जातात. मंग काय नाय. खिडकीतून ऊन येतं, लादीवर पडतं, आणि ते ऊन सरकतं गो, खरंच सरकतं, हळू, जसं कोणीतरी चादर ओढतंय. दोरीवरच्या आईच्या साडीचा पदर हलतो. डांगऱ्या त्या उन्हाच्या कडेकडेने चालतो. काकाच्या गोधडीला नाक लावतो, माझ्या चपलेला, मंग आईच्या पाटाला, पाटाला तर किती वेळ. पुन्हा दार. दाराखालच्या फटीत नाक घालून वारा हुंगतो. बाहेर कुठेतरी एसटी वाजते, तो ताठ होतो, शेपूट हलते, हलते, आणि गाडी जाते. मंग त्याचे पाय कापायला लागतात. लादीवर नखं वाजतात, टिकटिक, ते पण ऐकू येतं. आणि तो तसाच, दाराकडे बगत, पाय पण वर न करता, उभ्या उभ्या करतो. त्याला स्वतःलाच कळत नाय. खाली बगतो, बाजूला होतो, जसं काय दुसऱ्याचंच पाणी हाय ते.

काका नाय बगू शकला, उठून गोठ्याकडे गेला. आई बगत राहिली. शेवटी कडी वाजते, डांगऱ्या उड्या मारत दाराशी जातो, आणि आईचा आवाज येतो, "केलास काय रे मेल्या, केलास काय?" आणि तो भिंतीला चिकटतो.

आई बोलली, "माझा आवाज असा हाय?"

मी बोलली, फोनमध्ये असाच येतो.

तिने मंग ओरडणं सोडलं. पण हरेशमामाला फोन पण नाय केला, नको बोलायला. लाज वाटली असेल, शब्द दिलेला ना.

मॅडमना विचारलं तर त्या बोलल्या, थोडं थोडं एकटं राहायची सवय लावा, जायचं आणि तो घाबरायच्या आत परत यायचं, आधी अंगणात, मंग लांब. तेवढ्यात पौष लागला, लग्नाच्या तारखा नाय, हॉल बंद, काका घरीच. पण काकाने त्यात स्वतःचं घातलं. तो बोलला, "खोपीत मी त्याला सोडून नदीला जायचोच की. पण हाळी द्यायचो मधून मधून. मी दिसत नसलो तरी होतो ना."

ठाऊक हाय ना ती हाळी? राखणीला बसलेले देतात, रानडुकरं पळावी म्हणून. एकाने "होऽऽ" केली की पुढच्या शेतातल्याने द्यायचीच, नायतर समजायचं झोपला.

मी आधी ती हाळी फोनमध्ये भरून घरात लावली. शहाणी ना मी. डांगऱ्याने पूर्ण मांडणी खाली आणली, काकाला डब्यांमागे शोधत. मंग ते बंद.

मंग काका खराच जायला लागला. दार लावायचा, अंगणातून हाळी, परत. आंब्याखालून हाळी, परत. विहिरीवरून. मी आत बसायची नाय, खिडकीच्या बाजूला बाहेर भिंतीला टेकून ऐकायची. दुपारची वेळ, वालाच्या फुलांचा वास, आणि ते "होऽऽ" रोज थोडं लांब जातंय. आत नखं वाजायची बंद होतात. मला झोप यायची गो, उभ्या उभ्या. एक दिवस काका नाल्यापर्यंत गेला असेल, हाळी आली नाय ऐकायला, आत नखं सुरू झाली, मी बोलली गेलं सगळं, आणि तेवढ्यात मधल्या शेतातून मंगळूदादाने हाळी दिली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने काकाची ऐकली आणि पुढे दिली, सवयीने. आणि मंग विहिरीवरून भिमीमावशीने दिली, बाईमाणूस असून, हसत हसत. मला वाटलं, काका सगळ्या शेतांतून हातोहात घरी येतोय. आत धप्पकन आवाज आला. डांगऱ्या बसला.

नाय, लगेच काय बंद नाय झालं. दोन दिवस कोरडं, एक दिवस ओलं, असं. आईने लादीवर गोणपाट टाकलं, बोलली, "घसरतो तो, म्हणून घाबरतो." सगळा पाडा हाळ्या देतोय आणि हिचं आपलं गोणपाट.

आणि काल हरेशमामा आला. बाईकवर, दोरी घेऊन. काका पुन्हा हॉलवर गेलेला, मी कॉलेजवरून नुकतीच अंगणात पोचली, आई शेतातून पुढे आलेली, दार उघडून उभी. मामा बोलला, "काय सकूताई, कुठे हाय तुझा मुतऱ्या?"

डांगऱ्या आईच्या मागे. मी पळत आली. आई दारातून आत सरकली, मामाला बोलली, "ये की, बस. कुठला मुतऱ्या? कधीचं बंद झालं ते. आता नाय करत."

"मंग देत नायस?"

"चांगला कुत्रा कोण देतं काय रे? चहा घे, आणि वालाच्या शेंगा ने ढाब्यावर, ताज्या हायत."

मामा खो खो हसला, बोलला, तू फसवलंस मला, आणि दोरी खिशात कोंबून ओटीवर बसला. आई मला बोलली, "दिपे, चहा टाक." मी बोलली, तू ये ना आत, साखर कुठे हाय ते दाखव. ती बोलली, "मी इथे बरी हाय."

ती जागची हललीच नाय. मामा बशीत ओतून पीत होता, गप्पा मारत होता, घाटातल्या गाड्या, रस्त्याचं काम, आणि आमची आई घराच्या मधोमध उभी, हात कमरेवर, जसं काय फोटो काढतायत. डांगऱ्या तिच्या साडीला नाक लावून.

मामाची बाईक फाट्याला वळल्यावर मी तिच्या पायाकडे बगितलं. गोणपाट ओलं होतं. तिची टाच, साडीचा काठ, सगळं भिजलेलं.

मी काय बोलणार तेवढ्यात तीच बोलली, "काकाला सांगायचं नाय हं," आणि खाली वाकून गोणपाट उचललं.